फाशी मागता, जखमीला काय देता?

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे छत्तीसगढातल्या भिलईच्या हुडको वसाहतीत खिडकीतून गोळ्या आल्या आणि झोपेतल्या कामगार पुढारी शंकर गुहा नियोगींचा खून झाला. वर्ष उलटायच्या आत, १ जुलै १९९२ रोजी, कामावरून काढलेले त्यांचे कामगार भिलईच्या पॉवर हाउस रेल्वे स्थानकात रुळांवर बसले असता पोलिसांनी बंदुका चालवल्या आणि डझनाहून अधिक कामगार मेले. खुनाचा खटला दुर्गपासून दिल्लीपर्यंत गेला. १९९७ साली सत्र न्यायालयाने फाशी आणि जन्मठेपा सुनावल्या, १९९८ साली उच्च न्यायालयाने सारे आरोपी सोडले, आणि २००५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकट्याला जन्मठेप देऊन बाकीच्यांची सुटका कायम केली. प्रत्येक निकालावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. कोण अडकला, कोण सुटला, सूत्रे कोणाच्या हाती होती, याचा खल आजही चालू आहे आणि तो चालू राहायलाच हवा. पण त्या रकान्यांत एक प्रश्न फारच क्वचित दिसतो, आणि तोच आज आम्ही विचारणार आहोत. ज्यांना गोळी लागली आणि जे जगले, त्यांना या देशाने काय दिले?

मेलेल्याला निदान पुण्यतिथी मिळते. जगलेल्याला काय मिळते? ज्याचा खांदा कायमचा निकामी झाला त्याला कंत्राटदार दुसऱ्या दिवशी हजेरीपटावरून उतरवतो. जिच्या डोळ्यांदेखत नवऱ्याला भोसकले तिला पोलीस ठाण्यात तीच हकीकत तीनदा सांगावी लागते, मग कचेरीत सांगावी लागते, मग कोर्टात, आणि तिथे विरुद्ध बाजूचा वकील तिला खोटी ठरवायला टपलेला असतो. ज्या पोराने ते रक्त पाहिले ते रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, शाळेत मुके बसते. गावात म्हणतात, पोराने धसका घेतला. मग त्याला बैगाकडे, म्हणजे तिथल्या मांत्रिकाकडे, नेतात, अंगारा लावतात, गंडा बांधतात. मन जखमी झाले आहे आणि त्यावर इलाज असतो, हे त्या आईला सांगणारा एकही सरकारी माणूस तिच्या उंबऱ्यावर येत नाही. आणि आपण? आपण चौकात मेणबत्त्या लावतो, फाशी द्या म्हणून घोषणा देतो, दोन दिवस बाजार बंद ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी दुकानाची फळी उघडतो. मारेकऱ्याचा सूड घ्यायला सारा समाज पुढे येतो. मार खाल्लेल्याला उभे करायला मात्र त्याच्या घरच्यांखेरीज कोणी उरत नाही. हा आमचा आरोप आहे आणि तो आम्ही सरकारवर, कारखानदारांवर आणि स्वतःसकट सगळ्या समाजावर ठेवतो.

हे लिहिताना आमची नजर भिलईजवळच्या नंदिनी नगरवर आहे. का? नंदिनी ही भिलई पोलाद कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीभोवती वसलेली वस्ती. १९५५ च्या सोव्हिएत करारातून कारखाना उभा राहिला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तिला दल्ली-राजहऱ्याचा लोहदगड लागला तशीच नंदिनीची चुनखडी लागली. देशाच्या रेल्वेचे रूळ भिलईत तयार झाले. त्या रुळांत नंदिनीच्या मजुराचा घाम आहे. हा टापू मराठी वाचकाला परका वाटत असेल तर त्याने इतिहास उघडावा. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता, आणि १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगढ एकाच प्रांताच्या छपराखाली नांदत होते. पिढ्यान्‌पिढ्या दुर्ग-राजनांदगावात राहिलेली आणि पुढे भिलईच्या नोकरीसाठी आलेली मराठी घरे आजही तिथे आहेत. तिथल्या जखमी माणसाचा प्रश्न आमचाही आहे.

आणि दुसरे, अधिक मोठे कारण असे की हल्ला झाल्यावर माणसांनी काय करावे याचा भारतातला बहुधा सर्वांत थोर धडा याच भिलईच्या खाणींतून निघाला. तो धडा आम्ही विसरलो. तो सांगितल्याशिवाय पुढचे काहीच सांगता येणार नाही.

दल्ली-राजहरा हे लोहखाणींचे गाव. १९७७ च्या मार्चमध्ये इथल्या कंत्राटी मजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ काढला. आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेल्या, त्याआधी दानीटोल्याच्या खाणीत स्वतः मजुरी केलेल्या नियोगींना त्यांनी पुढारी म्हणून बोलावले. मागणी किती साधी! पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला पैसे द्या, आणि खाणीत काम निघाले नाही त्या दिवसाचीही काही मजुरी द्या. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना युनियनच्या झोपडीतून उचलून नेले. मागे राहिलेल्या पोलिसांना मजुरांनी घेरले आणि आमचा माणूस परत आणा म्हटले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात अकरा जण पडले. त्यांत बाई होती, लहान मुलगाही होता.

आता पुढे काय घडले ते नीट ऐका. कारखान्याचे रुग्णालय त्या गावात होते, पण ते कायम नोकरांसाठी. लोहदगड फोडणारा कंत्राटी मजूर दारात आला की तो कारखान्याचा कोणीच नसे. गोळीबारानंतर काही वर्षांनी संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात गेल्या. वेळेवर उपचार मिळाले असते तर त्या वाचल्या असत्या. हजारो मजूर त्या रुग्णालयासमोर गोळा झाले. हातात पहारी असलेली, काही वर्षांपूर्वी आपली माणसे गोळ्यांनी पडलेली पाहिलेली ती गर्दी होती. तिने त्या इमारतीची एक काच फोडली असती तर कोणी नवल केले नसते. तिने तिथे शपथ घेतली की आमचे रुग्णालय आम्ही बांधू.

आणि बांधले! दिवसभर खाणीत दगड फोडून आलेल्या बायाबापड्यांनी संध्याकाळी विटा वाहिल्या. हाती आलेले भत्ते मजुरांनी इमारतीसाठी दिले. बाहेरच्या देणगीदाराच्या पायाशी कोणी गेले नाही. विनायक सेन, आशिष कुंडू, पवित्र गुहा हे तरुण डॉक्टर येऊन राहिले, पुढे शैबाल जाना आणि पुण्यव्रत गुण आले. १९८२ च्या प्रजासत्ताकदिनी युनियनच्या आवारात छोटा दवाखाना सुरू झाला आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, पंधरा खाटांचे शहीद हॉस्पिटल उघडले. उद्‌घाटनाला मंत्री नव्हता. खाणीतला सर्वांत म्हातारा मजूर आणि आसपासच्या खेड्यातला सर्वांत म्हातारा शेतकरी यांनी ते उघडले. मजुरांच्याच मुलामुलींना तिथे शिकवून आरोग्यसेवक केले. मलमपट्टी त्यांनी केली, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे हे त्यांनी वस्त्यांत जाऊन शिकवले, बाटलीबंद सलाइन आणि लाल-पिवळ्या टॉनिकांच्या लुटीविरुद्ध पुस्तिका काढल्या. याच संघाने दारूविरुद्ध असा लढा दिला की हजारो मजुरांच्या घरात संध्याकाळची मारहाण थांबली. संघर्ष आणि निर्माण, ही त्यांची घोषणा होती आणि तिच्यातला दुसरा शब्द त्यांनी पहिल्याइतकाच खरा केला.

आम्ही या रुग्णालयाला स्मारक म्हणतो ते पुतळ्याच्या अर्थाने नव्हे. गोळ्या खाल्लेल्या गावाने आपल्या मृतांच्या नावाने जिवंत माणसांसाठी दार उघडले, आणि त्या दारात कोणी कार्ड विचारले नाही, जात विचारली नाही, तू कोणाच्या बाजूचा हेही विचारले नाही. उपचार झाले तसे आणखी एक मोठे काम झाले. ज्याच्यावर वार झाला त्याला केवळ दयेचा विषय करून कोपऱ्यात बसवले गेले नाही, तो बांधणारा झाला, शुश्रूषा करणारा झाला. मानसोपचाराची पुस्तके आज सांगतात की हल्ल्याने माणसाचा स्वतःवरचा ताबा हिरावून घेतलेला असतो आणि बरे होणे म्हणजे तो ताबा परत मिळवणे. ही गोष्ट दल्लीच्या अक्षरशत्रू मजुरांनी हाताने करून दाखवली.

आणि सरकारने काय केले? १९९२ च्या त्या आंदोलनाचे जुने वॉरंट काढून, तब्बल चोवीस वर्षांनी, २०१६ च्या मार्चमध्ये, शहीद हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉ. शैबाल जाना यांना पोलिसांनी अटक केली! वॉरंटाचा कागद चोवीस वर्षे जपून ठेवणारी ही यंत्रणा. जखमींची एक यादी तिने इतक्या निगुतीने जपली आहे का? त्या यादीतल्या एकेका घरी दरवर्षी कोणी कारकून तरी गेला आहे का, की बाबा, तुझा हात कसा आहे, तुझी मुलगी शाळेत जाते का?

इथे एक चलाख युक्तिवाद ऐकू येतो, तो आम्ही दारातच अडवतो. म्हणे, लोकांनी स्वतः एवढे केले, मग सरकारने कशाला करावे? लोकसहभाग हाच खरा मार्ग! लाज वाटली पाहिजे असे बोलताना. दल्लीच्या मजुरांनी रुग्णालय बांधले ते दारे बंद होती म्हणून. उपाशी माणसाने स्वतःच्या घामाने भाकरी मिळवली म्हणून रेशन दुकानदाराला धान्य दडवण्याची मुभा मिळत नाही. मजुरांचा पराक्रम हा सरकारच्या सुटकेचा दाखला होऊ शकत नाही. तो सरकारविरुद्धच्या आरोपपत्राचा कागद आहे.

आता कायद्याकडे वळू. कायदा नाही असे आम्ही म्हणत नाही. उलट आमची तक्रार अशी की कायदा आहे आणि तो लपवून ठेवल्यासारखा आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की जखमी माणूस समोर आला की आधी जीव वाचवा, पोलिसी सोपस्कार मागून. २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७ अ हे कलम आले. आरोपी सापडो न सापडो, खटला चालो न चालो, पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी संपवायची आहे, आणि ठाणेदाराच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर तातडीचे मोफत उपचार किंवा अंतरिम मदत लगेच द्यायची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ३९६ या आकड्याने बसले आहे. आम्ही विचारतो, नंदिनी नगरच्या बाजारात उभे राहून विचारले तर या कलमाचे नाव किती जणांना सांगता येईल? आणि ठाणेदाराला तरी तो दाखला देण्याचे आपले कर्तव्य ठाऊक आहे का? फिर्याद नोंदवताना हे कलम फिर्यादीला वाचून दाखवले पाहिजे, त्याच्या सहीनिशी अर्ज तिथल्या तिथे भरून घेतला पाहिजे. त्याला वेगळ्या कचेरीत वेगळ्या दिवशी रोज बुडवून पाठवणे हे मदत नाकारण्याचेच दुसरे रूप आहे.

या कायद्यातले एक भगदाड तर अक्षम्य आहे. २०१३ च्या दुरुस्तीने खासगी असो वा सरकारी, प्रत्येक रुग्णालयावर मोफत प्रथमोपचाराची सक्ती घातली, आणि नाकारणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षाही ठेवली. पण ही सक्ती लैंगिक अत्याचाराच्या आणि ॲसिडहल्ल्याच्या पीडितांपुरतीच. ती त्यांना मिळाली हे योग्यच झाले, त्यासाठी बायांनी रस्त्यावर येऊन किंमत मोजली आहे. पण कंत्राटदाराच्या गुंडांनी सळईने डोके फोडलेला मजूर? जमिनीच्या वादात कुऱ्हाडीचा घाव बसलेला शेतकरी? जमावाने झोडपलेला परगावचा फेरीवाला? अनामत रक्कम भरा म्हणून खिडकीवरचा माणूस त्यांना अडवतो तेव्हा मोफत उपचाराचे ते कलम त्यांच्या कामी येत नाही. घाव कोणत्या हत्याराने बसला यावर उपचाराचा हक्क ठरवणारा कायदा अपुरा आहे, आणि संसदेने तो पुरा केला पाहिजे.

पैसे न मागता उपचार व्हायला मुळात उपचाराची जागा जवळ लागते. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटात एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आले. तिला नागपूरला न्यावे लागले आणि सात दिवसांनी ती गेली. महाराष्ट्र तेव्हा पेटून उठला, मोर्चे निघाले, आरोपीला फाशी द्या म्हणून गावेच्या गावे बंद राहिली. १० फेब्रुवारी २०२२ ला, तिच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, जन्मठेपेची शिक्षा झाली. पण तालुक्याच्या गावात जळिताचा कक्ष हवा यासाठी त्यांतला एक तरी मोर्चा निघाला का? भिलईचे हे दुर्भाग्य नाही. सेक्टर ९ मधल्या कारखान्याच्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचा जळीत विभाग साऱ्या मध्य भारतात नावाजलेला आहे. म्हणूनच आमची मागणी थेट आहे. त्या विभागाचे, आणि त्या रुग्णालयाच्या अपघात कक्षाचे दार, हल्ल्यात जखमी झालेल्या प्रत्येकाला खर्चाचा प्रश्न न विचारता उघडे राहिले पाहिजे. कंपनीचा कायम नोकर आणि कंत्राटी मजूर ही दल्लीची भिंत आता तरी पाडा.

हल्ल्याचा आणखी एक प्रकार छत्तीसगढच्या खेड्यांत आहे आणि त्याविषयी शहरातले शहाणे लोक तोंड फिरवतात. टोनही! गावात पोर दगावले, म्हैस आटली, की एखाद्या विधवेकडे, एकट्या बाईकडे, जिची दोन एकर जमीन दिराला हवी आहे अशा बाईकडे बोट जाते. तिला चेटकीण ठरवून मारतात, नागवे करून फिरवतात, मलमूत्र पाजतात. छत्तीसगढने २००५ सालीच टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ चा खून पाहावा लागला, हे आम्ही मान खाली घालून कबूल करतो. रायपूरचे डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून या बायांच्या बाजूने उभी आहे. पण कायद्याचे सारे बळ शिक्षेत आहे. मारणारे पाच वर्षे आत गेले, पुढे काय? ती बाई त्याच गावात, त्याच विहिरीवर, त्याच गल्लीत कशी राहायची? तिच्या हातचे पाणी कोणी घेत नाही, तिच्या नातीचे लग्न ठरत नाही, तिला मजुरीला कोणी बोलावत नाही. तिच्या अंगावरचे वळ महिन्याभरात जातात. गावाने टाकलेला बहिष्कार तिच्या मरणापर्यंत चालतो. सरपंच, ठाणेदार, शाळेचा हेडमास्तर आणि तहसीलदार यांनी तिला हाताला धरून गावात परत न्यावे, तिच्या अंगणात बसून सर्वांसमक्ष तिच्या हातचा चहा प्यावा, दर महिन्याला तिच्या घरी जाऊन आल्याची नोंद ठेवावी, असे बंधन त्या कायद्यात घालायला काय हरकत आहे? जमीन ज्याने बळकावली त्याचा सातबारा किंवा तिथला खसरा रद्द करायला कोणाचे हात थरथरतात?

महाराष्ट्राकडे दाखवण्यासारखे काही आहे का? आहे, आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी यावे, सुखरूप बाळंत व्हावे, बाळ न्यावे किंवा ठेवावे, कोणी नाव विचारणार नाही, असे उघड सांगून दिले. जुलूम सोसलेल्या बाईला तिची हकीकत सिद्ध करायला न लावता आत घेणारे ते दार होते. त्याच वाटेवर २००० साली मुंबईत, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, महापालिका आणि सेहत या संस्थेने दिलासा केंद्र सुरू केले. ते रुग्णालयात आहे यातच त्याचे शहाणपण आहे. मार खाल्लेली बाई पोलिसांत जायला घाबरते, पण दवाखान्यात जाताना तिला नवऱ्याला काही समजवावे लागत नाही. केसपेपर काढणारी, टाके घालणारी, कान तपासणारी माणसे तिथे हिंसेच्या खुणा ओळखायला शिकलेली असतात, आणि ती तिला शेजारच्या खोलीत नेतात, जिथे कोणी घाई न करता तिचे ऐकते. दिलासा नंतर मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांत पोचले. २ ऑक्टोबर २०१३ पासून महाराष्ट्रात बलात्कार आणि ॲसिडहल्ल्याच्या पीडितांना पैशाची मदत देणारी मनोधैर्य योजना आहे. तिची रक्कम वाढली, पण पैसे उशिरा मिळतात म्हणून उच्च न्यायालयाला सरकारचे कान धरावे लागले. उशिरा आलेल्या पैशाने कर्ज फिटते, मोडलेली हाडे जुळत नाहीत.

छत्तीसगढलाही अभिमानाची जागा आहे. संकटातल्या बायांसाठीचे देशातले पहिले सखी केंद्र १६ जुलै २०१५ ला रायपुरात उघडले. उपचार, वकील, पोलीस, समुपदेशक हे सारे एका छताखाली. संकल्पना उत्तम आहे. पण तिथला निवारा पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी ती कुठे जाते? पुढच्या आश्रयगृहाची तरतूद कागदावर आहे, म्हणजे ओळखीचे एकमेव माणूस सोडून पुन्हा नव्या दारात नवी हकीकत. आणि नंदिनीसारख्या वस्तीतून जिल्ह्याच्या ठिकाणी वरचेवर जाणे, रोज बुडवून, मूल कडेवर घेऊन, हे ज्याने कधी केले नाही त्यानेच असे नियम लिहावेत!

मदतीनेच जखमीच्या दारी जायचे असते, हे परदेशात पाहा. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला एका माथेफिरूने उटोया बेटावर तरुण मुलांना टिपून मारले. जी मुले वाचली त्यांच्या प्रत्येकाच्या गावातल्या नगरपालिकेने एक नेमलेला माणूस दिला आणि निदान वर्षभर त्याने स्वतःहून मुलांची विचारपूस करत राहायचे ठरले. मूल येईल, अर्ज करील, रांगेत उभे राहील याची वाट कोणी पाहिली नाही. कारण हादरलेला माणूस मदत मागत नाही, तो दार लावून आत बसतो. आपल्याकडची प्रत्येक योजना अर्जापासून सुरू होते. ती उलटी फिरवली पाहिजे. ज्या दिवशी गुन्हा नोंदला गेला त्याच दिवशी एका माणसाचे नाव त्या कुटुंबाला मिळाले पाहिजे, गावची आरोग्यसेविका मितानिन असो, परिचारिका असो, समाजसेवक असो. छत्तीसगढच्या मितानिनींनी देशाला आशा कार्यकर्तीचा रस्ता दाखवला, त्या पाड्यापाड्यात पोचलेल्या आहेत. त्यांना या कामाचे शिक्षण द्या आणि त्याचे वेगळे मानधन द्या. फुकटची सेवा बायांकडूनच मागायची ही सवय आता पुरे. धसका घेतलेल्या पोराला महिनोन्‌महिने भेटणारा माणूस हवा. टेलिमानस या मनाच्या आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर आज मोफत बोलता येते, तो प्रत्येक ठाण्याच्या आणि प्रत्येक रेशन दुकानाच्या भिंतीवर रंगवा.

कामगाराचे काय, हे विसरून चालणार नाही. हल्ल्यात जायबंदी झालेल्या कंत्राटी मजुराची जागा तो परत येईपर्यंत राखून ठेवलीच पाहिजे, आणि जुने काम जमत नसेल तर जमेल ते काम मिळाले पाहिजे. भिलईचा कारखाना सार्वजनिक मालकीचा आहे. आपल्या कंत्राटांत ही अट घालायला त्याला दिल्लीच्या परवानगीचे निमित्त पुरणार नाही.

आणि रायपूर-दुर्ग-भिलईत गणपती बसवणाऱ्या, नाटके करणाऱ्या आमच्या मराठी मंडळांना एक सांगणे आहे. तुमच्या सभागृहात दहा दिवस आरत्या होतात, त्याच सभागृहात आठवड्यातून एक दुपार एक वकील आणि एक समुपदेशक बसवा. तुमच्यांत निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कोर्टात आयुष्य काढलेले लोक आहेत. जखमी माणसाबरोबर तारखेला कोर्टात जाऊन नुसते शेजारी बसायला तयार असलेली दहा माणसे निघाली, तरी साक्ष फिरवायला येणाऱ्या गुंडाला दाराशी थांबावे लागेल. शेजारच्या घरी असे काही घडले की चौकशीच्या नावाखाली खमंग कुजबुज करणाऱ्या तोंडांना गप्प करायचे कामही तुमचेच.

पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्याला उत्तर नंदिनीच्या जमिनीतच आहे. २०१५ च्या खाण कायद्याच्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज न्यास आला. खाणीच्या स्वामित्वशुल्काबरोबर त्यात रक्कम भरली जाते, आणि तिचा निम्म्याहून मोठा भाग आरोग्य, शिक्षण, पिण्याचे पाणी, महिला-बालकल्याण अशा कामांवर खाणग्रस्त भागात खर्च करण्याचे बंधन आहे. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या दोन टक्क्यांचे सामाजिक दायित्व आहेच. नंदिनी नगरात एक खोली, एक प्रशिक्षित समुपदेशक, दोन परिचारिका, आठवड्याला विधी सेवेचा वकील आणि रात्री-अपरात्री निघू शकणारी एक गाडी, याला लागणारी रक्कम खनिज न्यासाच्या ताळेबंदात नजरेतही भरणार नाही. दुर्गच्या न्यासाने आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा आणि केंद्र कोणत्या तारखेला उघडणार ते जाहीर करावे. न्यासाने तो घेतला नाही, तर नंदिनी नगरच्या रहिवाशांनी आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून तो घ्यायला लावावा. तो अधिकार त्यांचा आहे, कारण पैसा त्यांच्या जमिनीतून निघाला आहे.